शिदोरीतली अकरा साधने

मी स्वतःच्या हातांनी केलेल्या गोष्टी: दुकानातले कामाचे टेबल, खोक्यांच्या फळ्यांचे, चोवीस वर्षांत एकदाही न डुगडुगलेले. ट्रकच्या बॅटरीवर चालणारा इन्व्हर्टर, एक. मुल्लानपूरच्या शाळेतले एकोणीस संगणक, भंगारातून उभे केलेले. पैकी अठरा आजही चालतात, एकोणिसाव्यात उंदीर शिरला, तो माझा दोष नाही. आणि 'शिदोरी', आवृत्त्या नऊ.

शिदोरी म्हणजे काय, हे वकीलसाहेबांना तीनदा सांगावे लागले, म्हणून येथे एकदाच लिहितो. लिनक्स ही खुली आणि फुकट संगणकप्रणाली आहे. पण नुसती लिनक्स म्हणजे नुसती चूल. तिच्याबरोबर कोणीतरी साधने निवडून बांधून द्यावी लागतात: इंटरनेटला एक, पत्र लिहायला एक, कागद वाचायला एक. जुन्या, दमलेल्या संगणकांसाठी मी जो गठ्ठा बांधतो, ती शिदोरी. तीत साधने अकरा आहेत. बारावे नाही. ती अकरा कोणती, हे आजवर मी ठरवले. माझ्यानंतर कोण ठरवणार, एवढ्यासाठी हे मृत्युपत्र आहे. बाकीचे तोंडी सांगूनही भागले असते.

तरी मी, राजाराम केशव पिसाळ ऊर्फ राजाभाऊ, वय वर्षे चोपन्न, मूळचा वाई तालुक्याचा, वडिलांच्या चंडीमंदिर लष्करी छावणीतल्या नोकरीपायी सातव्या वर्षी इकडे आलेला, राहणार मनीमाजरा, चंडीगढ. शिक्षण अकरावी, बारावीला गणितात दोनदा नापास. संगणक कोणाकडूनही न शिकलेला. असे लिहून ठेवतो की, येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे, माझे डोके ठिकाणावर आहे आणि माझ्यावर कोणाचे दडपण नाही. मी रागात आहे. रागात केलेले मृत्युपत्र बाद होते का, असे वकीलसाहेबांना विचारले. होत नाही.

कलम १. राहते घर पत्नी सौ. रागिणी हिला. हे वाचून दाखवताच ती म्हणाली, "हप्ते मी शिकवण्या घेऊन फेडले. माझंच घर मलाच देताय?" म्हणून दुरुस्ती: घर रागिणीचेच आहे. मी फक्त तसे लिहून ठेवतो.

कलम २. बँकेतली शिल्लक रागिणी आणि मुलगी आश्लेषा यांना निम्मी निम्मी. वाटणीवरून भांडण होण्याइतकी ती नाही.

कलम ३. सर्व हत्यारे मुल्लानपूरच्या शाळेला. प्रत्येक पेचकस वापरून झाल्यावर आपल्याच खाचेत परत जावा, खाचांवर आकडे घातले आहेत. शेजारचे दुकानदार गुरमेल सिंग म्हणाले, "पाजी, पेचकस तो मुझे दे जाते!" ते या कागदाचे साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराने काही घेऊ नये. "फिर साक्षी कैंसल," असे म्हणून त्यांनी चहा मात्र दोनदा घेतला.

कलम ४. हे कलम मालमत्तेविषयी नाही, माझ्या हातून झालेल्या एका चुकीविषयी आहे. ती लपवली तर पुढचे कळणार नाही.

शिदोरी एका सीडीवर मावलीच पाहिजे, हा माझा तेव्हाचा हट्ट. चौथ्या आवृत्तीला जागा पुरेना, म्हणून मी पीडीएफ वाचायचे साधन काढून टाकले. चित्र काढायचे साधन होते, पीडीएफ त्यातही उघडते, असा हिशेब केला. उघडते, खरे आहे. आमच्या गल्लीतल्या सुरेखाताई मोहिते, एका हवालदाराच्या विधवा, यांनी यजमानांचा पेन्शनचा कागद त्यात उघडला. वाचता वाचता माउस ओढला गेला आणि यजमानांचा सेवाक्रमांक जागेवरून सरकून त्यांच्या नावावर जाऊन बसला. बंद करताना संगणकाने विचारले, जतन करू का? ताई हो म्हणाल्या. जतन करायला कोण नाही म्हणेल? तोच कागद छापून त्यांनी कार्यालयात दिला. तिथे त्यांना विचारले गेले की, सरकारी कागदात फेरफार कोणी केला.

त्या दुकानात येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "भाऊ, मी काही केलं नाही हो. मी तर नुसतं वाचत होते."

मी तीन खेपा त्यांच्याबरोबर गेलो. फेरफार मी केला, असे लेखी दिले. साहेब म्हणाले, "आप तो वहाँ थे ही नहीं." मी म्हणालो, "जी, मैं ही था."

वाचायचे साधन पुढच्याच आवृत्तीत परत घातले. तेव्हापासून शिदोरीचा नियम असा: वाचणाऱ्याच्या हातून काही बदलता कामा नये. आणि कोणतेही साधन घालण्याआधी किंवा काढण्याआधी सुरेखाताईंना संगणकासमोर बसवायचे. निवडणाऱ्याने शेजारी बसायचे, अर्धा तास, दोन्ही हात मांडीखाली. बोलायचे नाही, बोट दाखवायचे नाही. हात मोकळे असले की माउसकडे जातात, आणि ताईंना कुठे अडते ते मग कधीच कळत नाही. ताई म्हणतात, "भाऊ, असे हात दाबून बसलात की शाळेत शिक्षा झाल्यासारखे दिसता." दिसतो. दुकानातला सर्वांत चांगला संगणक, प्रिंटरसह, सुरेखाताईंना.

कलम ५. श्री. हर्षवर्धन नाडगौडा, अभियंता, पहिल्या तीन आवृत्त्यांतले माझे सोबती. ते मोठ्या पगारावर मोहालीला गेले, त्याचा राग नाही. राग पुढचा आहे. गेल्या ऑगस्टात ते एका परदेशी कंपनीचा प्रस्ताव घेऊन आले. शिदोरीत त्या कंपनीचा ब्राउझर ठेवावा. पीडीएफही त्यातच उघडावी, सबब वाचायचे साधन काढून टाकावे. आणि कोण काय उघडतो याची मोजदाद कंपनीला जावी. शिदोरी किती संगणकांवर चालते, हेसुद्धा मी मोजत नाही. माणसांच्या घरात डोकावून मोजायचे हे मला जमत नाही.

ते म्हणाले, "राजाभाऊ, पेन्शनरांना काय फरक पडतो? ज्याला नको तो बदलेल ना!" शिदोरीच्या सोळा वर्षांत, दिलेले साधन बदललेला माणूस मी पाहिलेला नाही. जे समोर असते त्यालाच लोक संगणक समजतात. पानात वाढाल तेच ते जेवतात, म्हणून वाढणाऱ्याने आधी चाखावे. दारातून बाहेर पडताना ते म्हणाले, "शेवटी बारावी नापास तो बारावी नापासच."

त्यांस मी शिदोरीची चौथी आवृत्ती देतो, मूळ सीडी, वेष्टनासह. तीत वाचायचे साधन नाही. त्यांनी आपल्या आईंचे पेन्शनचे कागद तीवर उघडावेत.

कलम ६. स्वयंपाकघरात हिंगाच्या डबीत एक पेनड्राइव्ह आहे. त्यात शिदोरीची किल्ली आहे. ती लागल्याशिवाय कोणताही संगणक नवी आवृत्ती खरी मानत नाही. किल्ली ज्याच्या हाती, अकरा साधने त्याच्या हाती.

आश्लेषा, वय सव्वीस, मोहालीत सॉफ्टवेअरच्या नोकरीत. प्रस्ताव घ्यावा, या मताची. "बाबा, डिफॉल्ट ही तो है यार, दो क्लिक में चेंज." मी म्हणालो, "ताईंच्या शेजारी बस." बसली. अकराव्या मिनिटाला तिने माउस हिसकावला: "आंटी, इधर, इधर!" त्या दिवशी मी मसुद्यात लिहिले, माझ्यामागे किल्ली हातोड्याने फोडावी आणि शिदोरी माझ्याबरोबर संपू द्यावी.

गेल्या रविवारी ती मला न विचारता सुरेखाताईंना घेऊन आली आणि पूर्ण अर्धा तास बसली. वेताच्या खुर्चीचे वळ हातांवर उठले होते. मग माझ्याशी मराठीत बोलली, जे ती एरवी फक्त भांडताना बोलते. "बाबा, त्यांना प्रिंटचं बटण दिसतच नाही. किती बारीक ठेवलंय तुम्ही! नऊ व्हर्जन झाली, तुम्हाला कळलं नाही?"

नाही कळले. बटण मोठे केले आहे.

हातोड्याचे वाक्य खोडले आहे, खोडल्या जागी माझी सही आहे. किल्ली आश्लेषास. माझी यादी तिच्यावर बंधनकारक नाही. अकराची नऊ करावीत, मला न पटणारा ब्राउझर घालावा. मात्र हात मांडीखाली.

हा मजकूर मी स्वतः, शिदोरीवरच, टाइप केला, दोनदा वाचला, वाचताना काहीही सरकले नाही.

सही: राजाराम केशव पिसाळ
मनीमाजरा, चंडीगढ. रविवार, ९ नोव्हेंबर २०२५.

आमच्यासमोर सही झाली:
१. सुभेदार गोपीनाथ यादवराव जगदाळे (निवृत्त)
२. गुरमेल सिंग, हार्डवेअरचे दुकान, शेजारी (सही गुरुमुखीत)

पुरवणी. सह्या झाल्यावर सुभेदारसाहेब म्हणाले, "राजाभाऊ, कंपनी किती देत होती, ती रक्कम लिहिलीच नाहीत. लोक म्हणतील, पाच-पन्नास हजार असतील, म्हणून सोडले." बरोबर आहे. शिवाय मी नसलो की तो प्रस्ताव वेगळ्या कागदावर, वेगळ्या माणसाच्या हातून पुन्हा येईल. आश्लेषाला तो ओळखता यावा. म्हणून दोघे साक्षीदार समोर बसलेले असताना, त्यांच्या आद्याक्षरांसह लिहितो. वाचायचे साधन काढणे, कंपनीचा ब्राउझर ठेवणे, मोजदाद पाठवणे. मुदत तीन वर्षे. मी नाही म्हणालो, दुकानाच्या दारात उभा राहून, एकदाच. रुपये २४,००,०००/-, अक्षरी रुपये चोवीस लाख फक्त.