उजव्या दंडावरचा वण

॥ श्री ॥

चेरीताल, जबलपूर
कार्तिक शु. ५, रविवार, ता. २२ ऑक्टोबर १९४४

ती. अनुताईस,

श्रीरंगचा वाकून नमस्कार. इकडे सर्व क्षेम, तिकडचंही तसंच असावं, अशी लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. तसं क्षेम असतं तर रविवारची सकाळ, बाजार सोडून, मी कागद मांडीवर घेऊन बसलो असतो का?

अक्षर पाहून हसू नको. डाव्या हातानं लिहून राहिलो. उजव्याचं पुढे सांगतो.

भाऊबीजेचं लुगडं पार्सलनं टाकलं आहे. बडा फुहाऱ्यावर कंट्रोलच्या कापडासाठी दोन तास रांगेत उभा होतो, आणि दुकानदार मलाच म्हणतो, "भैया, रंग-वंग मत देखो, जो मिले ले जाओ." म्हणून तो तसला मातकट रंग. कुंदा म्हणाली, ताईंना आवडणार नाही. मी म्हटलं, ताई नेसेल, लढाई संपली की दुसरं घेऊ. कारखान्यात कामाचा नुसता धडाका आहे, त्याचं काही लिहायला मनाई आहे. आई बरी आहे. डोळ्यांनी आणखी कमी दिसतं, कानांनी मात्र नको तेवढं ऐकू येतं.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. बापूनं बाळसं धरलं, मान धरली, वाचून आईनं गूळ वाटला. पुढचं मी तिला वाचून दाखवलं नाही. तुमच्या गल्लीत दोन घरी देवी निघाल्या, टोचणारा दाराशी आला होता आणि तू कडी घातलीस. भाऊजींचं नाव न घेता तू लिहितेस, "त्यांनी टोचून घेतलं होतं ना, रंगा? काय उपयोग झाला? माझ्या लेकराला मी त्या सुईच्या हवाली करणार नाही."

ताई, ते वाक्य मी पाच दिवस खिशात घेऊन फिरून राहिलो.

आणि खाली तू गंमत म्हणून लिहिलंस, की बापू निजला तरी उजव्या हाताचा अंगठा डाव्या तळव्यावर चोळत असतो, अगदी बापासारखा. तू हसत लिहिलं असशील. मी वाचलं तेव्हा कारखान्याच्या फाटकाबाहेर उभा होतो. माझा अंगठा तेव्हा माझ्या तळव्यावर तेच करत होता.

मी तंबाखू खात नाही, तुला माहीत आहे.

आता हाताचं सांगतो. गेल्या वर्षी नवरात्रात कारखान्यात सगळ्यांना देवी टोचल्या. डावा दंड चार दिवस ठणकला, फोड उठला, खपली पडली, संपलं. उजवा मात्र दहाव्या दिवशी पेटला. खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत कुणी तापलेली तार ओढावी तशी कळ. मग मुंग्या, आणि मग काहीच नाही. कप धरला आहे का सुटला, हे पाहून कळायचं. डॉक्टर म्हणाले, "नस सुजली आहे, टोचल्यावर हजारात एखाद्याला होतं, घाबरायचं नाही, आपोआप जाईल." आणि खरंच पौषात बरं वाटलं. डॉक्टर शहाणा माणूस, त्याच्यावर माझा राग नाही.

तू वाचता वाचता थांबली असशील. डाव्या दंडावर टोचलं तर उजवा कसा पेटला? कुंदानंही विचारलं होतं. तिला सांगितलं, डॉक्टरला विचार.

मुंग्या परत आल्या त्या माघात. भाऊजींना ज्या दुपारी ताप भरला, त्याच दुपारी. मी लेथवर होतो, हातातला पाना खाली पडला. घरी आलो तर भाऊजी घोंगडी घेऊन पडलेले.

ते गेल्यावर थांबतील असं वाटलं होतं, ते झालं नाही. भाऊजींची सवय आठवते ना? दाराशी आले की कारखान्याच्या नंबराच्या बिल्ल्यानं चौकटीवर तीन टकटक, आणि मग "आहे का कोणी घरात?" हा माणूस चार वर्षं आमच्याच घरात राहून राहिला आणि रोज पाहुण्यासारखा विचारायचा! आता संध्याकाळचा भोंगा होतो, मी घरी येतो, आणि माझा उजवा हात चौकटीवर तीनदा वाजतो. मी वाजवत नाही, ताई. मला तर त्या बोटांत लाकूड लागलेलंही कळत नाही. आतून आई म्हणते, "कुंदे, जावई आले, पाय धुवायला पाणी ठेव." पहिल्यांदा कुंदा रडली. आता ती पाणी ठेवते. परवा आईनं माझा हात हातात घेतला, हुंगला आणि म्हणाली, "डावा तुझा आहे रे. हा चंद्रशेखरांचा. तंबाखूचा वास येऊन राहिला."

त्यांचा नंबर आठवतो? सातशे बारा. आता तो बिल्ला पनागरच्या एका माणसाला दिला आहे. पगाराच्या दिवशी पुकारा होतो, "सात सौ बारह!" आणि तो पुढे जायच्या आधी माझा हात वर जातो. मागच्या महिन्यात बाबू चष्म्यावरून बघत म्हणाला, "जोशी, तुम्हारा नंबर तो तीन सौ पाँच है ना?" सगळे हसले. मीही हसलो. हात खाली यायला तयार नव्हता. डाव्या हातानं ओढून खाली घेतला.

का वर जातो ते मला ठाऊक आहे. या बिल्ल्यावर तो एकदा खरंच पुढे झाला होता.

चलो, आता लिहितोच.

तुझा नवस होता. सात वर्षं मूल नाही म्हणून तू कोराडीच्या देवीला बोललीस, आणि भाऊजींनी इथे घट बसवले. नऊ दिवस अंगाला लोखंड लावायचं नाही, वस्तरा नाही, कात्री नाही, नखंसुद्धा काढायची नाहीत. तिसऱ्या माळेला टोचायचा हुकूम निघाला. मी म्हटलं, "भाऊजी, दिवसभर लेथवर लोखंड कापता आणि एवढ्याशा सुईला भिता?" ते म्हणाले, "मी लोखंडाला लागतो, लोखंड मला लागत नाही. रंगा, देवीच्या दिवसांत देवी नाही टोचायच्या. तू कर काहीतरी."

जावई बोलला. आपल्या घरात जावयाला नाही म्हणायची रीत आहे का? बाबा अर्ध्या ताटावरून उठायचे जावयासाठी.

टोचणारा तोंड बघत नाही, बिल्ला बघतो. सकाळी माझा बिल्ला दाखवून मी डावा दंड पुढे केला. दुपारच्या पाळीत भाऊजींचा बिल्ला घेऊन परत रांगेत लागलो आणि उजवा पुढे केला. रजिस्टरात लागलं, सातशे बारा, टोचलं. भाऊजींच्या अंगाला सुई लागलीच नव्हती, ताई. माझ्या उजव्या दंडावर जो वण आहे, तो त्यांचा आहे.

इथपर्यंत लिहून मी पाणी पिऊन आलो. वाटलं होतं एवढं लिहिलं की झालं. नाही झालं. टाक खाली ठेवला की बोटं डाव्या तळव्यावर चोळायला लागतात.

दसऱ्याला सोनं वाटून झालं. भाऊजी न्हाव्याकडून दाढी करून आले, चकचकीत, आणि म्हणाले, "चल रंगा, माझे नऊ दिवस झाले. आता मला टोचून आण." त्यांना टोचून घ्यायचं होतं. ऐकलंस का? ते तयार होते.

नाही म्हणालो तो मी.

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी तपासणी होती, फोड उठला का बघायला. त्यात उजवा दंड मलाच दाखवायचा होता. मी म्हटलं, "आता तुम्हाला नवीन फोड आला तर विचारतील हा कुठून आला. तपासणी होऊ द्या." तपासणी झाली. मग म्हटलं, "रजिस्टर बंद होऊ द्या." त्याच महिन्यात दुसऱ्याच्या बिल्ल्यावर आत आलेल्या दोघांना पोलिसांनी नेलं होतं. लढाईचे दिवस, कोणी ऐकून घेत नाही. मला तुरुंग दिसत होता, ताई. दिवाळीला तू आलीस, पंधरा दिवस राहिलीस, भाऊजींनी तुझ्यासमोर मला हसत विचारलं, "काय रंगा, आमचं ते काम कधी?" तुला वाटलं, कसली तरी चिठ्ठी-चपाटी. मी म्हटलं, "होईल हो, घाई काय आहे?" बाहेरच्या टोचणाऱ्याकडे नेलं असतं तर कोणाला कळलं असतं? पनागरच्या बाजारात दर आठवड्याला बसतो तो. मला ते सुचलं नाही असं म्हणणार होतो. सुचलं होतं. भ्यालो.

माघात तापामागून देवी निघाल्या तसं त्यांना गावाबाहेरच्या छपरात नेलं. तू पोटुशी, म्हणून तुला कळवलं नाही, येऊ दिलं नाही. तेवढंच एक शहाणपण केलं. जवळ कोणी जाईना. मी गेलो. मला कसली भीती? मला दोनदा टोचलेलं. त्यांच्या वाट्याच्या सुईच्या जोरावर मी त्यांच्या उशाशी अकरा दिवस बसलो, आणि मला साधा ताप आला नाही.

चेहरा राहिला नव्हता, ते तुला सांगत नाही. दहाव्या दिवशी म्हणाले, "तंबाखू मळ. खायची नाही, नुसता वास दे." त्यांच्या हातांनी मळवत नव्हती. मी आयुष्यात पहिल्यांदा मळली, चुना कमी झाला, तर त्याही अवस्थेत म्हणतात, "तुला काही म्हणता काही येत नाही." मग माझा उजवा हात धरला. त्या हाताला काही लागत नव्हतं, पण त्यांनी धरलं ते कळलं. म्हणाले, "अनूला सांग, टोचून घेतलं होतं. नाही तं जन्मभर नवसाला बोल लावत बसेल. शब्द दे." मी दिला. याच हातानं.

म्हणून मी तुला तेराव्याला खोटं लिहिलं. आणि खोटं लिहिताना हात चांगला चालला होता, हेही सांगतो. खरं लिहायला बसलो की तीनदा टाक पडला. म्हणून डावा.

मला वाटायचं, भाऊजी मला शब्दाची आठवण देतात. हात वाजतो, वर जातो, चोळतो, म्हणजे गप्प राहा म्हणतात. तुझं पत्र आलं आणि समजलं की मी उलटं वाचत होतो. हा माणूस नऊ महिने माझ्या दारात उभा राहून एकच मागून राहिला आहे. "काय रंगा, आमचं ते काम कधी?"

ताई, सुईनं भाऊजींना दगा दिला नाही. सुई त्यांना मिळालीच नाही. ती ज्याला मिळाली, तो जिवंत आहे आणि तुला पत्र लिहितो आहे. माझा हात दुखला, दुखतो, पण दुखणारा हात घेऊन माणूस जगतो. गल्लीत देवी आहेत. हे पत्र वाचून झाल्याबरोबर बापूला घेऊन जा. तूही टोचून घे. माझ्यावर रागावून बसायचं असेल तर टोचून आल्यावर बस, जन्मभर बस.

नवसाला बोल लावू नको. देवीनं लेकरू दिलं. तिचं नवरात्र नऊ दिवसांचं होतं. पुढचे चार महिने माझे होते.

कारखान्यात मी उद्या जाऊन सांगणार आहे. काय करतील ते करोत. कुंदाला आत्ताच सांगितलं, तिनं एवढंच विचारलं, आईंना कोण बघेल.

एक गोष्ट बघ. "नाही म्हणालो तो मी" या ओळीनंतरचं अक्षर बदललं आहे. मला लिहिताना कळलं नाही, आत्ता वाचताना दिसलं. टाक उजव्या हातात आहे. मुंग्या नाहीत, कळ नाही. अक्षर सरळ आहे, पण माझं नाही. तुझ्या ट्रंकेत त्यांची पत्रं आहेत, लावून बघ. माझ्यात ती हिंमत नाही.

बापूच्या डाव्या दंडावर टोचून आण. उजवा मोकळा ठेव.

तुझ्या पायांवर हा हात ठेवतो. ज्याचा समजशील त्याचा.

तुझा अपराधी भाऊ,
श्रीरंग