व्याही, डाव्या बाजूने या

खोपोली, १६ फेब्रुवारी १९७८

सन्माननीय व्याही येसाजीराव यांना कोंडीरामचा सप्रेम जयभीम. (‘व्याही’ शाईने लिहिणार की पेन्सिलीने, असं घरातून विचारण्यात आलं. मी शाईने लिहिलं आहे.) कोपर कसं आहे? मालनवहिनी हळदीचा लेप लावतात, की नुसतं माझं नाव घेऊन चोळतात, तेही कळवावं.

परवाचा हिशेब असा. टक्करीत तुमच्या चाकाच्या चार तारा आणि छत्रीची एक काडी गेली. पुढे चूक कोणाची हे ठरवण्यात टेंपोतला माझा दीड लादी बर्फ वितळून गेला. टक्कर डोळ्याची पापणी लवेपर्यंत उरकली, लादीला दोन तास लागले. खालापूरचा सोडावाला त्या दिवशी गिऱ्हाइकांना कोमट सोडा पाजत होता आणि वर माझं नाव सांगत होता.

माझी चूक आधी लिहितो, म्हणजे तुम्ही पत्र फाडणार नाही. माझा हॉर्न पावसाळ्यापासून मुका होता. वळणावर मी दारावर हात बडवायचो आणि समोरच्याचे कान चांगले असावेत अशी इच्छा धरायचो. त्यात बर्फ पाझरत होता, म्हणून वेगही जास्त होता. हे झालं माझं. आता तुमचं. सायकलने डाव्या बाजूने जायचं असतं आणि तुम्ही उजवीकडून समोर आलात, कारण (तुमचेच शब्द) “सावली तिकडं हाय.” झाडं सरकारने लावली, पण रस्त्याच्या बाजू सावलीप्रमाणे सकाळ-संध्याकाळ बदलत नाहीत हो. शिवाय उन्हासाठी छत्री ढालीसारखी तोंडापुढे, आणि घंटी नाही, कारण कॉलनीतली पोरं ती वाजवून तुमची झोप मोडतात म्हणून तुम्ही काढून ठेवलीत. म्हणजे मी मुका, तुम्ही आंधळे, आणि दोघांना घाई. तरी टेंपो तुमच्यापासून हातभर अंतरावर थांबला. अठरा वर्षं या रस्त्यावर मुरल्याशिवाय असा ब्रेक लागत नाही, हे नम्रपणे सांगतो. पुढचं हातभर अंतर तुम्हीच तोडलंत आणि पेंढ्याच्या ढिगात गेलात.

आमची हिरू बरोबर होती, तिने पेंढ्यातून तुमचा चष्मा शोधून दिला. तो डोळ्यांवर चढताच तुम्ही म्हणालात, “मी मुलाचा बाप हाय, कोंडीराम. टेंपोनं थांबायचं का मी?” त्यावर म्हशी वळणारा पोशा म्हातारा बोलला, “थांबलाच व्हता रं तो. तूच त्याच्यावर गेलास.” मला हसू आलं. तिथे मी चुकलो. तुम्ही पेंढा झाडत म्हणालात, की माफी आल्याशिवाय लग्नाची तारीख देणार नाही.

येसाजीराव, बैठकीत तुम्हीच उभे राहून म्हणाला होतात, की आपण बौद्ध झालो, आता हुंडा नको, मानपान नको, वरबाप-वधूबाप सारखे. मी टाळ्या वाजवल्या. मग घरातून काढलेला मानपान वळणावर कसा भेटला? बोर घाटातून उतरणारा ट्रक तुम्ही मुलाचे वडील आहात का हे विचारायला थांबणार नाही. माझी घाई आणि हसू यांची माफी मागतो. सावलीची माफी तुम्ही मागा. दोन्ही एकाच दिवशी फिटतील.

आपला,
कोंडीराम

ता. क. : हॉर्न दुरुस्त केला आहे. तुमची सायकल तयार आहे, तिला नवी घंटी बसवली आहे. हा मान नव्हे, घंटी आहे. तुमच्या चंदरला न्यायला पाठवा. (तो दोन दिवसांत तीनदा सायकल बघून गेला. सायकल अंगणात असते, तो बघतो स्वयंपाकघराकडे.)

आणखी ता. क. : एक गोष्ट बैठकीत सांगायची राहिली, म्हणजे मी राहू दिली. हिरू टेंपो शिकते आहे, शिकाऊ लायसन रीतसर काढलं आहे, आणि लग्नानंतरही ती चालवणार म्हणते. हे कळल्यावर जी तारीख द्यायची ती द्या, नाहीतर देऊ नका, असा तिचा निरोप आहे. मी लिहिलं नाही तर ती स्वतः लिहिणार होती. परवा गाडी तिच्या हातात होती. ब्रेक तिने दाबला. मी डोळे मिटून घेतले होते.