कार्लोव्त्सीच्या घराचा वारस

मी, विदोसावा लालिच, निवृत्त प्रोग्रॅमिंग शिक्षिका, राहणार स्रेम्स्की कार्लोव्त्सी, हे पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहिते आहे. डॉक्टरांच्या मते माझं यकृत कामातून गेलं आहे. डोकं मात्र शाबूत आहे, आणि काही जणांची अडचण नेमकी तीच आहे. याआधीची माझी सर्व मृत्युपत्रं रद्द समजावीत.

कलम १. घरच्या संताची तसबीर धाकटा भाऊ रादिवोय याला. रीतीप्रमाणे ती घरातल्या पुरुषाकडे जाते, आणि पुरुष म्हणता येईल असा तोच उरला आहे. दर वर्षी संताच्या दिवशी तो माझ्याकडे यायचा, बाटली संपेपर्यंत हलायचा नाही आणि माझ्या नोकरीला ‘यंत्राशी गप्पा’ म्हणायचा. तसबीर ज्याच्या घरी, संताच्या दिवसाची मेजवानीही त्याच्याच घरी; आता पाहुणे त्याच्याकडे येतील आणि रांधायलाही त्यालाच लागेल. मला हे चित्र फार आवडतं.

कलम २. बँकेतली शिल्लक गावातल्या भटक्या कुत्र्यांच्या आसऱ्याला. कुत्री शिकवलेलं विसरत नाहीत.

कलम ३. माझा फळा येफिमिया स्तानिच या माझ्या विद्यार्थिनीला. माझी शिकवण्याची रीत तिला ठाऊक आहे. पोरांना आधी प्रोग्रॅम वाईटच लिहू द्यायचा. एक साधं बटण बदलताना दहा ठिकाणी हात घालावा लागला, पोरं रडकुंडीला आली, की मग त्या दुखण्यावरचा डिझाइन पॅटर्न, म्हणजे नेहमीच्या अडचणीवरचा ठरलेला आराखडा, सांगायचा. मी शिकवत होते त्या संस्थेत रास्तको बेलिच माझ्या खुर्चीवर बसला आणि त्याने ही रीत मोडली. आता तिथली पोरं सगळ्या पॅटर्नची नावं घडाघडा म्हणतात, पण कुठला कधी लावू नये हे एकालाही सांगता येत नाही. येफिमिया हुशार आहे, पण नको तितकी मऊ. कोणी आवाज चढवला की ती स्वतःचीच चूक शोधायला लागते. फळा जड आहे. उचलताना तरी तिने पाठ ताठ करावी.

कलम ४. हे राहतं घर, तळघर आणि मागच्या द्राक्षवेलींसह, रास्तको बेलिच याला.

वाचणाऱ्याने दचकू नये. रास्तको माझा सगळ्यात तल्लख विद्यार्थी. पोटच्या मुलाला लावावा तसा मी त्याला जीव लावला, आणि तो लळा अजून पुरता सुटलेला नाही. दर रविवारी तो संत्री घेऊन येतो, तब्येत विचारतो आणि जाताना छताकडे बघतो. त्याला इथे उन्हाळी वर्ग काढायचे आहेत. मी झोपले आहे असं समजून त्याने भिंतींची मापंसुद्धा घेतली.

त्याने काय केलं तेही नोंदवते. संस्थेने एका दवाखान्यासाठी मोबाइल ॲप केलं. ॲपमध्ये आत्ता आत आलेला रुग्ण कोण, हे एकाच वस्तूत ठेवायचं आणि सबंध प्रोग्रॅममध्ये तिची दुसरी प्रत होऊ द्यायची नाही, अशी त्याची रचना होती. या पॅटर्नला सिंगलटन म्हणतात. फोनवर ते उत्तम चाललं. मग तीच रचना वेबसाइटसाठी जशीच्या तशी सर्व्हरवर न्यायचा हुकूम रास्तकोने काढला. येफिमिया तेव्हा त्याच्या हाताखाली होती.

ती म्हणाली, “सर, फोन एकाच्याच हातात असतो. सर्व्हरवर अख्खं गाव एकदम येतं. शेवटी जो आत शिरेल, त्याचे कागद बाकीच्यांना दिसतील.”

“पॅटर्न मला शिकवू नकोस,” रास्तको म्हणाला. “तू लिही, मी मंजूर करतो.”

आमच्या धंद्यात एकाने लिहिलेलं दुसऱ्याने वाचायचं आणि मगच मंजूर करायचं, असा नियम आहे. रास्तकोने फाइल न उघडताच हिरवं बटण दाबलं. त्याच आठवड्यात एका सासूला स्वतःच्या रक्ताच्या अहवालाऐवजी सुनेच्या गर्भपाताचे कागद वाचायला मिळाले. ती सून आता या गावात राहत नाही. चौकशीत रास्तकोने सांगितलं की कोड येफिमियाने लिहिला होता, आणि ते खरंच होतं. तिला काढून टाकलं. सध्या ती किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसते.

मी रास्तकोला जाब विचारला तेव्हा तो हसून म्हणाला, “बाई, सगळं वाचत बसलो तर कामं व्हायची कधी?”

कलम ५. आमच्या कायद्याने मृत्युपत्राच्या साक्षीदाराला त्याच मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही. आज दोन साक्षीदारांपैकी एक म्हणून मी रास्तकोला बोलावलं आहे. हा कागद त्याच्या हातात देईन, समोर खुर्ची देईन आणि स्पष्ट सांगेन, “रास्तको, सही करण्याआधी वाच.” वाचत वाचत तो इथपर्यंत आला, तर त्याने एवढंच म्हणायचं की मी साक्षीदार होत नाही, दुसरा बोलवा. मी दुसरा बोलवीन, आणि घर त्याचं. मग त्याच्यावर माझा कसलाही राग राहणार नाही.

त्याने सही केली, तर घर येफिमियाचं. तिने इथे वर्ग काढावेत आणि दर वर्षी पहिल्या दिवशी हे मृत्युपत्र पोरांना मोठ्याने वाचून दाखवावं, साक्षीदारांच्या नावांसकट. ही विनंती नाही, अट आहे. तिला त्याची दया येईल. तरीही वाचावं.

स्थळ: स्रेम्स्की कार्लोव्त्सी, माझं स्वयंपाकघर
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२३

(सही) विदोसावा लालिच

साक्षीदारांनी स्वतःच्या हाताने एकेक ओळ लिहून सही करावी.

मजकूर वाचला. मध्ये तोंड घालायचं नाही असं बाईंनी बजावलं आहे, म्हणून गप्प बसलो.
(सही) मिलुतिन झार्कोविच, शेजारी

मजकूर वाचला. दुरुस्ती काही नाही. बाईंना उदंड आयुष्य लाभो.
(सही) रास्तको बेलिच