घट्ट लिक्विड

३ जानेवारी
आमच्या बचत गटात भांडे घासाचं लिक्विड शिकवाले खामगावहून बाई आली. दिसते पोरीसारखी, बोलते मास्तरासारखी. म्हणे, घट्ट कराची पावडर आधी पाण्यात भिजवा, पुरी विरघळू द्या. मग साबणाचं बेस. मीठ शेवटी, जरा जरा. मले मीठ शिकवते! ज्या बाईचं लिक्विड चांगलं, ते खामगावच्या प्रदर्शनात गटाच्या नावानं जाणार. माझंच जाईन. गटातल्या आशाबाईचं तर वरणही पातळ.

५ जानेवारी, सकाळ
पावडर आन बेस संगच टाकलं. भिजवत बसाले टाइम कोणाले हाय? झुणक्यात होतात तसे गोळे झाले. सून राखी म्हणे, आत्याबाई, बाईनं सांगतलं होतं. म्हटलं, बाईनं पोसलं का तुले? ताकाच्या रवीनं घुसळलं. गोळे तसेच, फेस बादलीच्या काठाले. फेस चांगलाच असते.

दुपार
गोळे हातानं फोडले. मूठभर मीठ टाकलं. झालं घट्ट! मधासारखी धार. आशाबाईले बोलावून दाखवलं. म्हणे, रुखमाबाई, आता हात नोका लावू. जळते मेली. ती गेल्यावर अजून दोन मुठी टाकल्या.

संध्याकाळ
पातळ झालं. मीठच कमी पडलं असन. टाकलं.

६ जानेवारी
वर पाणी, खाली शेंबडासारखा थर. आमचे मालक म्हणतात, दोन माल झाले, दोन दुकानं टाक. या माणसाले मी काऊन जेवू घालते? राखी म्हणे, मीठ जास्त झालं, साबण आन पावडर एकमेकाले सोडून बसले. बसू दे. गिऱ्हाइकाले हलवून देऊ. औषधाच्या बाटलीवर नाही का लिहिलेलं असते?

८ जानेवारी
बाई आली. माझी बादली पाहून खूश. म्हणे, ही मले पाहिजेच, खामगावले नेते. आशाबाईचं तोंड पाहासारखं झालं. तिच्याही बाटल्या नेल्या, दयेपोटी.

१२ जानेवारी
प्रदर्शन झालं. राखी जाऊन आली. टेबलावर आशाबाईच्या बाटल्या होत्या, बंद्या विकल्या, एकही नाही उरली. माझी बादली बाजूच्या खोलीत, गावोगावच्या बायाईले दाखवाले, मीठ जास्त झालं की काय होते ते. नाव सांगतलं का, म्हणून इचारलं. राखी म्हणे, हाव, गावासकट.
दूध तापवाचं पातेलं, तो करपलेला गंज, राखीनं तिथूनच इकत आणलेल्या आशाबाईच्या लिक्विडनं घासला. लख्ख निघाला. खोट सापडन म्हणून पुन्हा घासला. नाही सापडली.