कीबोर्डवर साथीला मी

शनिवार, १ मार्च. सकाळी साडेसहा.
शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्तीचा पहिला दिवस. उशिरा उठायचं नाही, दुपारी आडवं व्हायचं नाही, शेजारी गप्पा मारायला जायचं नाही. एवढं ठरलं. काय करायचं, ते संध्याकाळपर्यंत ठरेल.

संध्याकाळी.
ठरलं. संगीत.
कारण लिहून ठेवते, म्हणजे नंतर मलाच हा रिकामपणाचा उद्योग वाटायला नको. मागल्या खेपेला विहीणबाई आल्या होत्या. लेकीच्या या सासूबाई रीतसर गाणं शिकलेल्या. चहा पिताना त्यांनी विचारलं, तुमच्याकडे गाण्याबजावण्याचं अंग कुणाला आहे का? मी म्हटलं, आमच्याकडे सगळे कामात असतात. त्या म्हणाल्या, हो का. एवढंच. पण तो ‘हो का’ अजून कानात अडकून बसलाय. ११ मेला, रविवारी, सगळी मंडळी पुन्हा येणार आहेत. तोवर उत्तर तयार पाहिजे.
हे माउथ ऑर्गन वाजवतात, पण त्याला संगीत म्हणता येणार नाही. दर शनिवारी हे आणि शेजारचे डेंटिस्ट आमच्या बाल्कनीत बसतात. डेंटिस्टांची गिटार. एक गाणं धरतात, मध्येच चुकतात, हसतात, बिस्किटं खातात, दुसरं धरतात. वर्षानुवर्षं हेच. परीक्षा नाही, निकाल नाही, प्रगती कशी होणार? या मंडळात जबाबदार माणसाची जागा रिकामी आहे.

रविवार, २ मार्च.
लेकीचा शाळेतला कीबोर्ड माळ्यावरून काढला. ह्यांनी शिडी धरली आणि विचारलं, कशाला हवाय? सांगितलं, तुमच्या साथीला. शिडी जराशी हलली.
कीबोर्ड चालू आहे. वरच्या कोपऱ्यात छोटा पडदा आहे, त्यावर आकडा दिसतो. आज शून्य. योग्यच आहे, मी अजून काही वाजवलंच नाही. यंत्र प्रामाणिक वाटतं.

गुरुवार, ६ मार्च.
वेळापत्रक. सकाळी सात ते आठ सराव. त्याआधी वाद्याची स्वच्छता. बटणांच्या फटींत दहा-बारा वर्षांची धूळ आहे. ओल्या फडक्याचं टोक दाबून दाबून पुसते. ज्याला वाद्य स्वच्छ ठेवता येत नाही, त्याने वाजवू नये.
क्लास लावणार नाही. अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झाले तेव्हाही क्लास लावला नव्हता.

सोमवार, १० मार्च.
पडद्यावर १.
काल शून्य होतं. म्हणजे हे यंत्र नुसतं वाजत नाही, ऐकतंही. गुण देतं. निकाल लावायला विद्यापीठाला पाच महिने लागायचे. याने आठवड्यात लावला.
ह्यांना दाखवलं. चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, छान आहे. त्यांना हेवा वाटणं स्वाभाविक आहे. माउथ ऑर्गनला पडदाच नाही.

शनिवार, १५ मार्च.
बाल्कनीतली पहिली एकत्र बैठक. मी खुर्च्या ओळीत मांडल्या, बिस्किटं आत ठेवली. एक सोपं गाणं घेतलं. मी सुरुवात केली, पाठोपाठ हे आणि डेंटिस्ट आले. ऐकवत नव्हतं. दोघंही बेसूर. डेंटिस्ट गिटारच्या खुंट्या पिळत राहिले. हे माउथ ऑर्गन उलटा करून आपटत राहिले. शेवटी गाणं मी एकटीनेच पूर्ण केलं आणि दोघांच्या बरंच आधी संपवलं.
डेंटिस्ट म्हणाले, वहिनी, कुठेतरी काहीतरी जुळत नाहीये. मी म्हटलं, तेच मी किती वर्षं ऐकतेय.

बुधवार, १९ मार्च.
पडदा: २. दोष माउथ ऑर्गनमध्ये आहे. जुना झालाय, पत्र्यांना गंज चढला असणार. ह्यांना दुकानात नेलं. दुकानदाराने वाजवून पाहिला आणि म्हणाला, उत्तम स्थितीत आहे. मी म्हटलं, तुम्हाला विकायचं नाही का? मग त्याने नवा दाखवला.

शनिवार, २२ मार्च.
नवाही बेसूरच निघाला. कारखान्यातूनच चुकीचे निघत असणार.

शनिवार, २९ मार्च.
डेंटिस्ट आले नाहीत. एका पेशंटची दाढ अचानक दुखायला लागली म्हणे. मी आणि ह्यांनीच बैठक घेतली. दुसऱ्याच गाण्याला ह्यांचा श्वास पुरेना. काल जिने चढताना पुरत होता.

शनिवार, ५ एप्रिल.
डेंटिस्टांना पुन्हा पेशंट. लोकांच्या दाढा शनिवारीच का दुखतात, याचा कुणीतरी अभ्यास करायला हवा. ह्यांनाही नेमकं आजच फिरायला जायचं सुचलं. फिरणं तब्येतीला चांगलं, म्हणून अडवलं नाही. एकटीने सगळा कार्यक्रम वाजवला. ठरलेल्या वेळेच्या निम्म्यात झाला.
पडदा: ३.

शनिवार, १२ एप्रिल.
आज एक गोष्ट उघडकीस आली. दूध आणायला गेले होते. डेंटिस्टांच्या दवाखान्यावरून जाताना आतून माउथ ऑर्गन आणि गिटार. दारावर ‘बंद आहे’ ची पाटी. काचेतून पाहिलं. हे पेशंटच्या खुर्चीत पाय लांब करून पडलेले, वर तो मोठा दिवा लावलेला, आणि डोळे मिटून वाजवतायत. डेंटिस्ट स्टुलावर. तोंड धुवायच्या त्या भांड्याच्या कडेवर बिस्किटांचा पुडा.
दोघं खूप हसत होते.
घरी येईपर्यंत विचार केला. आपल्या चुकांनी माझा वेळ जाऊ नये, म्हणून बिचारे कच्चा भाग वेगळा घोटून घेतायत. एवढी जाणीव ह्यांना असेल, असं वाटलं नव्हतं. हे घरी आले तेव्हा मी विचारलं, कसं झालं फिरणं? म्हणाले, पाय मोकळे झाले. ते खोटं नव्हतं. मी पाहिले होते.

रविवार, २० एप्रिल.
लेकीचा फोन. म्हणाली, आई, बाबांचा आवाज उतरलाय, भांडलात का? मी म्हटलं, तयारी चाललीय, तुझ्या सासूबाईंसमोर तिघं वाजवणार आहोत. मग म्हणाली, आई, बाबांना एकट्याने वाजवू दे ना, त्यांची तेवढी एकच मजा आहे. तिला समजावलं की मजा आणि दर्जा एका घरात राहू शकतात. ती म्हणाली, आधी एकाला तरी राहू दे. आजकालच्या मुली फोनवर फार तुटक बोलतात.

मंगळवार, २२ एप्रिल.
पडदा: ४. प्रगती वेग घेतेय.

शनिवार, २६ एप्रिल.
दोघांनाही बजावलं होतं, आज गैरहजेरी चालणार नाही. दोघं आले. पहिलंच गाणं सुरू झालं आणि डेंटिस्टांनी गिटार मांडीवर आडवी ठेवली. म्हणाले, वहिनी, राग मानू नका, तुमची पट्टी वेगळी आहे. मी म्हटलं, पट्टी मी कधीच वापरली नाही, मुलं नुसत्या नजरेने गप्प बसायची. ते म्हणाले, ती पट्टी नव्हे, सुरांची. मग उठून माझ्या पडद्यात डोकावले आणि, अरे देवा, असं अगदी हळू म्हणाले. पेशंटच्या तोंडात बघतानाही असंच म्हणत असतील तर अवघड आहे.
त्यांचं म्हणणं असं. हा आकडा गुणांचा नाही. आकडा एकाने वाढला की कीबोर्डचे सगळे सूर एकेक पायरी वर सरकतात. मी चार पायऱ्या वर वाजवतेय आणि ते दोघं खाली, मूळ जागी, म्हणून जुळत नाही. माझं बोट लागत नसेल तर पुसताना बटण दाबलं जात असेल. फडक्याने माणूस पास होतो, हे मी पहिल्यांदाच ऐकलं.
पण मुख्य मुद्दा त्यांनी स्वतःच कबूल केला. मी वर आहे आणि ते खाली आहेत. हे मी पहिल्या दिवसापासून सांगतेय.
ते म्हणाले, शून्यावर आणू या का? मी हात मध्ये घातला. दोन महिने घासून मिळवलेले चार गुण मी कुणाला काढू देणार नाही. त्यांनी वर यावं. ह्यांनी शांतपणे सांगितलं, माउथ ऑर्गनला वर येता येत नाही, त्याचे सूर पक्के बसवलेले असतात. मी म्हटलं, माणसांचंही तसंच असतं.
बैठक संपली.

रविवार, २७ एप्रिल.
दिवसभर माउथ ऑर्गन डबीत. संध्याकाळी मला म्हणाले, अगं, विहीणबाईंसमोर मी नाही वाजवत, तू एकटीच वाजव. मी म्हटलं, साथीदाराने एकट्याने काय वाजवायचं? कुणाला साथ द्यायची? ह्यांनी डबी उचलून कपाटात ठेवली.

बुधवार, ३० एप्रिल.
ह्यांनी मला हेडफोन आणले. न सांगता, स्वतः दुकानात जाऊन. मोठे, काळे, कानावर गादीसारखे बसणारे. म्हणाले, मोठे वादक लावतात, आपलं आपल्याला स्वच्छ ऐकू येतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझी गरज ओळखून आणलेली ही पहिली वस्तू. (शिलाई मशीन मी मागितलं होतं.)
मागच्या भोकात प्लग बसवून दिला. विचारलं, मग बाहेर आवाज किती राहतो? म्हणाले, पुरेसा.

शनिवार, ३ मे.
काय फरक पडला म्हणून सांगू. हेडफोन लावला आणि बैठक एकदम सुरात आली. दोघंही खटकत नाहीत. खरं तर ते जवळजवळ ऐकूच येत नाहीत, पण जेवढं येतं तेवढं बरोबर येतं. डेंटिस्टांची दाढदुखी थांबली. हे पाय हलवत वाजवत होते. सलग सहा गाणी झाली, कुणी थांबलं नाही. बिस्किटं बाहेर ठेवायला परवानगी दिली.
शिस्तीला वेळ लागतो, पण फळ येतं.

शनिवार, १० मे.
रंगीत तालीम. मान हलवून दोघांना लय दिली. दोघंही माझ्याकडे बघून हसत होते. आदर वाढल्याचं जाणवतं.

रविवार, ११ मे. मंडळी गेल्यानंतर.
सविस्तर लिहिते. विहीणबाई, व्याही, लेक, जावई समोर सोफ्यावर. खिडकीजवळ हे आणि डेंटिस्ट, मध्यभागी मी. चारेक ओळींचं प्रास्ताविक केलं: छंद म्हणजे हलगर्जीपणा नव्हे, इत्यादी. मग हेडफोन चढवला आणि इशारा दिला.
हातून एकही चूक झाली नाही. तिसऱ्या गाण्याला विहीणबाई मांडीवर ताल धरत होत्या. पाचव्याला त्यांनी डोळे मिटले. शेवटी टाळ्या. लेकीच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती बाबांच्या गळ्यात पडली. मग माझ्याकडे आली आणि म्हणाली, थँक यू आई. ती मला थँक यू कधी म्हणाली होती ते आठवत नाही.
निघताना विहीणबाईंनी माझे दोन्ही हात हातात घेतले. म्हणाल्या, दोघांनी फार गोड वाजवलं, पण खरं सांगू का, मला तुमचा संयम आवडला.
संयम. जाणकाराचा शब्द आहे. साथीत संयम हवा, तो सगळ्यांना दिसत नाही. त्यांना दिसला.
‘हो का’ चा हिशेब मिटला. झोपते.

मंगळवार, १३ मे. संध्याकाळी.
विहीणबाईंचा फोन आला. पुढच्या महिन्यात त्यांच्या घरी बैठक आहे. आमची मंडळी वाजवायला येतील का? म्हटलं, तयारीला वेळ कमी आहे, पण येऊ. त्या म्हणाल्या, दोघांना नक्की घेऊन या. मी म्हटलं, तिघांना. त्या जरा घोटाळल्या. मग म्हणाल्या, तोवर तुमचा कीबोर्ड दुरुस्त होईल ना? मी विचारलं, त्याला काय झालंय? म्हणाल्या, अहो, रविवारी ऐन वेळी बंद पडला नव्हता का? एक सूर बाहेर आला नाही. तरी तुम्ही शेवटपर्यंत हसतमुखाने बोटं हलवत बसलात. मी असते तर उठून गेले असते.
म्हटलं, हो, बिघडला होता. जुना आहे.
फोन ठेवला. कीबोर्डजवळ जाऊन बसले. हे बाल्कनीत वाजवत होते, एकटेच, रविवारचं तिसरं गाणं. मी हेडफोनचा मागचा प्लग उपटला आणि तेच गाणं धरलं. आवाज खोलीभर झाला. दोन ओळी आमचं दोघांचं एकत्र ऐकलं.
मग बाल्कनीतला माउथ ऑर्गन थांबला. मीही थांबले. ह्यांनी हाक मारली नाही, आत आले नाहीत. खुर्ची सरकल्याचाही आवाज नाही. तिकडे ते श्वास धरून बसले होते, इकडे मी.
प्लग परत घातला. हेडफोन मात्र लावला नाही, मांडीवर ठेवला आणि पट्ट्यांवर बोटं आपटली. काही ऐकू आलं नाही, फक्त टकटक. बऱ्याच वेळाने बाल्कनीतून गाणं पुन्हा सुरू झालं. आधी दबकत, मग मोकळं. शेवटपर्यंत ऐकलं. मध्ये एकदा चुकले, स्वतःशीच हसले, पुढे गेले.
चांगलं वाजवतात.
उठून सांगणार होते. पण मला दारात पाहिलं की ते थांबतात, हे आज लक्षात आलं. बसून राहिले.