सासूबाईंसाठी लाल स्प्रिंगा

१४ जानेवारी १९७३, रविवार. संक्रांत.
सासूबाईंना पारनेरहून नगरला घेऊन आलो. मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. सुप्याच्या अलीकडे वळणावर गाडी थांबवावी लागली. त्यांना मळमळत होतं. इंदूचं म्हणणं, ही गाडी होडीसारखी डुलते. आमची फियाट सेकंडहँड आहे, हे मान्य. पण होडी?
रात्रभर मनाला लागलं. कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या माणसाची गाडी डुलते, यात भूषण नाही. कारण उघड आहे. सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी फार वर आहे. गाडी खाली आणायला हवी.
हे सगळं केवळ सासूबाईंसाठी. लायब्ररीतल्या इंग्रजी मासिकात जमिनीला टेकलेल्या एका इटालियन रेसच्या गाडीचा फोटो आहे आणि तो मी अधूनमधून बघतो, याचा इथे काही संबंध नाही.

१८ जानेवारी, गुरुवार.
माळीवाड्यात कानिफनाथ मेकॅनिककडे गेलो. तो मुख्यतः ट्रकची कामं करतो. योजना समजावून सांगितली: पुढे आखूड स्प्रिंगा, मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगेतला एक पाटा कमी, चारही शॉकअ‍ॅब्सॉर्बर कडक. त्याने हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाला, "आजवर समदे म्हनायचे, नाथा, पाटा वाढीव. काढ म्हननारे तुमीच पयले. पर करू की! आपल्याला न्हाई म्हनायची सवय न्हाई."
असा उत्साही माणूस मिळायला भाग्य लागतं. त्याने हे काम पूर्वी कधी केलेलं नाही. म्हणजे चुकीच्या सवयीही नाहीत.

२८ जानेवारी, रविवार. पुणे.
स्प्रिंगांचं दुकान सापडलं. दोन प्रकार. निळ्या थोड्या आखूड, लाल फार आखूड. दुकानदार म्हणाला, गावाकडचे रस्ते असतील तर निळ्या घ्या. लाल घेऊन गेलेली मंडळी मुंबईत राहतात. हा मुद्दा मी शांतपणे तपासला. रंगाचा गुणधर्मांशी काही संबंध नसतो.
लाल घेतल्या.
शॉकअ‍ॅब्सॉर्बरमध्येही दोन जाती. एक साधी, एक 'रॅली'. हाताने दाबून पाहिले. साधा सहज दबला. रॅलीचा दोन्ही हातांनी, मग गुडघा लावूनही दबेना. म्हणजे किती मजबूत! तेच बांधून घेतले. इंदूला सांगायचं, पुण्यात याहून मऊ मिळतच नाहीत.

५ फेब्रुवारी, सोमवार.
ऑपरेशन झालं. डॉक्टर खूश. मात्र त्यांनी इंदूला बजावून सांगितलं: वाकायचं नाही, खोकला आला तर लगेच औषध, आणि डोळ्याला हिसका बसता कामा नये. हे ऐकून मला फार समाधान वाटलं. मी नेमका त्याच दिशेने विचार करत होतो.
सासूबाई पट्टीखालून म्हणाल्या, "यज्ञेश्वरराव, आता पोथी माझी मलाच वाचता येईल ना हो?" मी म्हणालो, नक्की. त्यांनी माझा हात चाचपून धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

१० फेब्रुवारी, शनिवार.
गाडी तयार! अप्रतिम दिसते. चाकांचा वरचा भाग मडगार्डमध्ये गेलाय. गाडी दबा धरून बसल्यासारखी वाटते. कानिफनाथ स्वतः चार पावलं मागे जाऊन बघत राहिला. म्हणाला, "लई खाली गेली की वो." कौतुक त्याच्या चेहऱ्यावर मावत नव्हतं.
पाण्याने काठोकाठ भरलेला पेला सीटवर ठेवून चाचणी घेतली. थेंबही सांडला नाही. उद्या चालू गाडीत घेऊ.

११ फेब्रुवारी, रविवार.
चालू गाडीतल्या चाचणीत पेला सापडला नाही. नंतर मागच्या सीटखाली मिळाला.
गाडी डुलत मात्र अजिबात नाही. हे सिद्ध झालं. डुलण्याऐवजी ती जे करते, त्याला मी 'रोड फील' म्हणतो. रस्त्यावर विडीचं थोटूक असलं तरी कळतं. इंदूला तारकपूरपर्यंत नेलं. येताना ती काही बोलली नाही. बहुतेक जीभ चावली असावी. घरी आल्यावर अंबाड्याच्या पिना शोधत होती.
नवीन स्प्रिंगा बसायला वेळ लागतो.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार.
कॉलेजच्या गेटपाशी गटारावर फरशी आहे, तिथे सायलेन्सर निघाला. विचार केला तर सायलेन्सर ही मुळातच चुकीच्या जागी बसवलेली वस्तू आहे.
कानिफनाथने तो तारेने वर बांधून दिला. आता गाडीत पायांखाली गरम लागतं. थंडीत उपयोगी.
सासूबाईंना दवाखान्यातून घरी आणायचं होतं. मी गाडी घेऊन वेळेवर पोचलो. इंदूने टांगा बोलावला होता.

१२ मार्च, सोमवार.
होळी तोंडावर आली. सासूबाईंना पारनेरला आपल्या घरी जायचंय. डोळ्यावर अजून पट्टी, दुसऱ्या डोळ्याने सगळं धूसर. मी गाडीची गोष्ट काढली. इंदू म्हणाली, "आईला मी एस.टी.ने नेणार. पुढची सीट सांगून ठेवलीय." मी तिला डँपिंगचं, म्हणजे हादरे जिरवण्याचं, तत्त्व समजावून सांगितलं. ती कणीक मळत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अहो, तिचा डोळा आहे तो."
हे बरोबरच आहे. म्हणून ठरवलं, सामान घेऊन मी मागून येणार. वाटेत एस.टी. बिघडली, तर सासूबाईंना गाडी हाताशी हवी.

१५ मार्च, गुरुवार. पारनेर.
सुप्यापर्यंत उत्तम. मी एस.टी.च्या मागेच होतो. सुप्यापुढे दुष्काळी काम चालू आहे. ट्रकच्या चाकोऱ्या खोल, मधे खडी उंच. एस.टी. गेली. मी गेलो नाही. गाडी पोटावर बसली, आणि मागची चाकं नुसती फिरत राहिली.
एस.टी. थांबली. ड्रायव्हर उतरला, मग प्रवासी उतरले, मग खडी फोडणारी माणसंही घमेली ठेवून आली. सगळे गाडीभोवती गोळा झाले. एक बाई म्हणाली, "मास्तर, चारी चाकांतली हवा एकदम गेली व्हय?" मी सांगितलं, गाडी मुद्दामच अशी केलीय. त्यावर कोणी हसलं नाही. एका म्हाताऱ्याने पाणी विचारलं. मी प्यायलो.
नंतर त्यांनी गाडी सामानासकट उचलून बाजूला ठेवली.
एस.टी.च्या खिडकीतून सासूबाईंचं पट्टी बांधलेलं डोकं दिसत होतं. त्या विचारत होत्या, कोण अडकलंय गं? इंदू म्हणाली, "कोणी नाही आई, नगरचे कोणी गृहस्थ आहेत."
गाडी आपटली तेव्हा माझं डोकं टपाला आपटलं होतं. टेंगूळ आलंय. ते चाचपताना वाटलं, मागच्या सीटवर त्या असत्या तर... मग स्वतःला सांगितलं, की भार वेगळा असता, वेग वेगळा असता, गणितच वेगळं झालं असतं.
ते गणित मांडून पाहिलेलं नाही. मांडायचं धाडस होत नाही.

९ एप्रिल, सोमवार.
सासूबाईंची तपासणी. पट्टी निघाली, जाड भिंगांचा चष्मा मिळाला. त्या आणि इंदू स्टँडवरून टांग्याने आल्या. मी दवाखान्याच्या दारातच गाडी लावली होती. म्हटलं, दिसू लागल्यावर पाहतील तरी.
पाहिली. बराच वेळ पाहिली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि तडक आत परत गेल्या. मी मागोमाग गेलो.
डॉक्टरांना सांगत होत्या, "बाकी सगळं लख्ख दिसतंय हो. पाटीवरची अक्षरं, इंदूचे पांढरे केस, सगळं. पण जावयांची गाडी तेवढी अर्धीच दिसते. खालचा भागच दिसत नाही. डोळ्यात काही राहिलं का?"
डॉक्टरांचा चेहरा गंभीर झाला. बॅटरी घेऊन डोळा तपासला. मग दुसऱ्यांदा तपासला. मी सांगणार होतो, पण इंदूने माझ्याकडे पाहिलं. शेवटी डॉक्टर स्वतःच बाहेर आले. गाडीभोवती सावकाश फेरी मारली, वाकून खाली बघितलं, माझ्याकडेही बघितलं, आणि आत गेले.
"आजी," ते म्हणाले, "डोळा उत्तम आहे. तुम्हाला दिसतंय तसंच आहे ते."
सासूबाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी डॉक्टरांना दोनदा हात जोडले. बाहेर येऊन टांग्यात बसल्या. इंदू बसली. टांगेवाल्याशेजारी एक जागा रिकामी होती. त्याने लगाम हातात घेऊन माझ्याकडे पाहिलं.
गाडीची किल्ली खिशात टाकली आणि मी चढलो.