वाणात मिळालेलं ग्राफिक्स कार्ड

१७ मे, रविवार. फलटण, सासुरवाडी.

अधिक महिना आजपासून सुरू. पहिल्याच दिवशी धोंड्याचं जेवण. या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण, त्यामुळे पाय धुतले, ओवाळलं, तेहतीस अनारसे दिले. आणि अंगठीऐवजी कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड. सगळ्यात वरचं मॉडेल. मी मागितलं नव्हतं. जानेवारीपासून सासऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर नुसते फोटो पाठवत होतो.

सासूबाईंनी, म्हणजे शालूबाईंनी, खोक्याला हळदकुंकू लावलं. सासरे सयाजीराव खोकं हातात तोलून म्हणाले, 'पावणं, लय जड हाय की. आत चांदीबिंदी घातलीया का?' मी म्हटलं, त्याहून मोलाचं आहे. ते 'बरं' म्हणाले.

मेव्हणा पृथ्वीराज फौजेत. त्याचं लग्न मेच्या सुरुवातीला झालं. शूटिंग अर्थात माझं. ७ जूनला तो साताऱ्याहून गाडीत बसणार, तिथून वर बर्फात. वर्षभर बायकोचं तोंड दिसायचं नाही, नेटवर्क नाही, म्हणून लग्नाची फिल्म पेनड्राइव्हवर सोबत हवी. माझी बायको रेश्मा सगळ्यांसमोर म्हणाली, 'माझ्या भावाला रिकाम्या हातानं जाऊ द्यायचं न्हाई हं.' मी शब्द दिला. एडिटिंग तिनेच करून ठेवलंय, मशीनमधून फक्त फायनल फाईल काढायची आहे. या कार्डावर किरकोळ काम. चिंता नाही.

१८ मे, सोमवार. तासगाव, माझा स्टुडिओ (पुढची खोली).

जुनं कार्ड कपाटात. नवं बसवलं. चाललं. झकास चाललं. हीच अडचण आहे. कंपनीने दिलंय तसंच वापरायचं म्हणजे नवा ट्रॅक्टर सीटच्या प्लास्टिकसकट चालवणं.

निश्चय: आधी ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे कंपनीने नेमून दिलेल्या वेगाच्या वर कार्ड पळवायचं. मग फिल्म. रेश्माने विचारलं, आधी फिल्म काढून मग खेळत बसलं तर चालत न्हाई का. तिला क्रम कळत नाही.

२० मे, बुधवार. दुपारी ३.

वेग वाढवला. स्क्रीन काळी. कमी केला, वाढवला, काळी. कार्ड ८९ अंश. खोली ४० अंश. छताचा पंखा पुरेना म्हणून टेबलफॅन मशीनकडे वळवला. रेश्मा कॅलेंडरच्या पुठ्ठ्याने वारा घेत शेजारी बसली होती. संसारात त्याग दोघांनी करायचा असतो.

उद्या फिल्म.

२३ मे, शनिवार.

नवा मार्ग सापडला. अंडरव्होल्टिंग. कार्डाला वीज कमी द्यायची आणि काम तेवढंच घ्यायचं. आमच्याकडे शेतावरच्या गड्यांवर ही पद्धत पूर्वापार चालते. कार्डावर लावणारा तासगावात मी पहिला.

९०० मिलिव्होल्ट: ठीक. ८७५: ठीक. ८५०: मशीन झोपलं. ८६०: झोपलं. ८६५: चाललं, मग झोपलं. ८७०. जेवण दोनदा गार झालं. एका जागी बसवत नाही, उठवतही नाही. आकडा दिसला की बोट शिवशिवतं.

उद्या सकाळी सगळ्यात आधी फिल्म. हे लिहून ठेवतो म्हणजे होईलच.

२४ मे, रविवार.

फिल्म नाही. ग्रुपवर (जगभरचे कार्डवाले आहेत) माझ्या कार्डाच्या वेगाचा स्कोअर टाकला. फिनलंडच्या एका माणसाने खाली हसरा चेहरा टाकला आणि हिवाळ्यातला स्वतःचा स्कोअर. मशीन गॅलरीत, बर्फात ठेवलं होतं म्हणे. माझ्यापेक्षा बराच वर.

हसायचं कारण काय?

२८ मे, गुरुवार.

कार्ड उघडलं. आतली थर्मल पेस्ट बदलली. पेस्ट म्हणजे चिपवर लावायचं मलम, त्यातून उष्णता बाहेर जाते. मी सढळ हाताने लावली. परत जोडताना एक स्क्रू उरला. कंपन्या जास्तीचे घालतातच.

तापमान आता ९१.

सासऱ्यांचा फोन. 'पावणं, कार्ड बरं हाय न्हवं? काय कमीजास्त?' आजाऱ्याची चौकशी करावी तसं विचारत होते. फिल्मबद्दल अवाक्षर नाही. समजूतदार माणूस. विचारलं नाही, म्हणजे घाई नाही.

१ जून, सोमवार.

पाण्याचा कूलर मशीनसमोर लावला. तापमान उतरलं, पण कॅबिनेटला आतून दमट वास. रेश्माने कूलर स्वयंपाकघरात नेला. मग कपाट उघडून जुनं कार्ड माझ्या टेबलावर आणून ठेवलं. न बोलता. मी ते परत कपाटात ठेवलं. मीही बोललो नाही. घरात वाद नकोत.

३ जून, बुधवार.

सुचलं! फिनलंडकडे थंडी आहे ती हिवाळ्यापुरती. तासगावात बारा महिने चार अंश आहे. बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज.

चुलतभाऊ दादासो तिथे मॅनेजर आहे. गेलो. तो म्हणाला, 'गड्या, हितं बेदाणा ठेवत्यात, कांपुटर न्हाई.' मी त्याला सगळं शास्त्र समजावलं. तो घड्याळाकडे बघत राहिला. शेवटी म्हणाला, 'परवा मालक पुण्याला जाणार हायती. तवा ये. पर शेतकऱ्यांच्या पेट्या हलवायच्या न्हाईत, आन् जळाल्याचा वास आला तर मी तुला वळखत न्हाई.'

५ जून, शुक्रवार. विजय!

मशीन ढकलगाड्यावरून आत नेलं. स्वेटर, कानटोपी, वडिलांचे लोकरी मोजे. बाहेर लोक घामाने भिजलेले, मी आत दात वाजवत. दोन्ही बाजूंना बेदाण्याच्या पेट्या छतापर्यंत.

कार्ड: ३८ अंश!! भरल्या कामात! वेग वाढवला, चाललं. आणखी वाढवला, चाललं. मेमरीचा वेग तर इतका वर नेला की लिहायला संकोच वाटतो. स्कोअर फिनलंडच्या वर. मध्ये स्क्रीनवर हिरवे ठिपके लुकलुकले. थंडीने डोळ्यांपुढे येतात तसे असावेत.

त्याच दमात फिल्म काढली. पेनड्राइव्हवर घेतली. एक कॉपी सासऱ्यांसाठी. दादासोने दार उघडून विचारलं, 'बघितलीस का रं नीट, समदं आलंय का?' मी म्हटलं, ज्याचा स्कोअर एवढा, त्याची फाईल बघायची नसते. शिवाय बोटं वळत नव्हती.

६ जून, शनिवार.

मशीन बाहेर आणल्यावर त्याला घाम फुटला. अक्षरशः. कॅबिनेटमधून पाणी ठिबकतंय. गार तांब्याला सुटतं तसं. हे फिनलंडवाल्याने सांगायला हवं होतं.

मशीनचे सगळे भाग गच्चीवर, रेश्माच्या कुरडयांशेजारी, धोतराच्या पानावर. कावळे हाकायला ती बसतेच, त्यातच हेही बघते.

७ जून, रविवार. सातारा स्टेशन.

वेळेत पोचलो. शब्द पाळला. पृथ्वीराजने पेनड्राइव्ह शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला, वरून दोनदा चाचपला आणि सगळ्यांसमोर माझ्या पाया पडला. म्हणाला, 'दाजी, आता वरीस निघंल.' पूजा, म्हणजे त्याची बायको, खिडकीपाशी उभी होती. गाडी हलल्यावर तिने पदर तोंडाला लावला. सासूबाई तिला म्हणाल्या, चल, घरी आपल्या टीव्हीवर बघू या दोघी.

मला भरून आलं. एका कार्डाने केवढं काम केलं!

१० जून, बुधवार.

सासऱ्यांचा फोन. 'पावणं, आमच्या टीव्हीत बिघाड झालाय बगा. फिल्म लावली की हिरव्या-गुलाबी चौकटी दिसत्यात. मेकॅनिकला दावतो.' मी धीर दिला. टीव्ही जुना, माझी फाईल फोर-के. त्याला झेपणार कशी? त्यांना तसं सांगितलं. ते म्हणाले, 'व्हय व्हय, टीव्हीचंच आसंल.'

मशीन वाळलं, सुरू झालं. दिवसभर स्कोअर काढत बसलो. कोल्ड स्टोरेजशिवाय तो येत नाही. चिडचिड.

१२ जून, शुक्रवार.

सासऱ्यांनी नवा टीव्ही आणला! माझ्या फाईलच्या दर्जामुळे अखेर त्या घरात आधुनिकता आली. रेश्माने फोन करून पूजाला विचारलं, आता कसं दिसतंय. पूजा म्हणाली, चौकटी मोठ्या दिसतात.

सेटिंग चुकलं असणार. नव्या टीव्हीला दोन दिवस द्यावे लागतात.

रेश्मा म्हणाली, आवं, एकदा तुमीच बघा की ती फिल्म. मी म्हटलं, स्वतःचं काम स्वतःच बघत बसणं बरं दिसत नाही.

१४ जून, रविवार.

पृथ्वीराजचा फोन! तिथून फौजेच्या फोनवरून आठवड्यातून एकाच दिवशी लागतो. आवाज तुटत होता. म्हणाला, दाजी, समद्या पोरांनी मिळून बघितली, लय भारी झालीया. काय हवं-नको विचारलं, तर म्हणाला, काय न्हाई, काय न्हाई. मग लाईन गेली.

लय भारी! सैन्याचं प्रमाणपत्र. हे ग्रुपवर टाकलं. फिनलंडवाल्याचं उत्तर नाही.

१६ जून, मंगळवार. सकाळी.

सात वाजता सासऱ्यांचा फोन. ना पावणं, ना तब्येत. 'ऋषिराज, काल अधिक महिना सरला. आता बोलू का?'

मी म्हटलं, बोला.

म्हणाले, 'टीव्हीत काय बी बिघाड न्हवता. घरात समद्यांस्नी पयल्याच दिवशी कळलं हुतं. अधिकात जावयाला बोलू नये, म्हून टीव्हीला बोललो. टीव्ही बिचारा गेला भंगारात.'

मी मेमरीच्या वेगाबद्दल काहीतरी सुरू केलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, 'पृथ्वीनं परवा पूजाला फोन केलता. म्हणाला, मांडव दिसतो, बँड दिसतो, दाजींचा ड्रोन दिसतो. तुझं तोंड आलं की चौकटी येत्यात. पोरगी दिवसभर जेवली न्हाई. आमी काय म्हणायचं तिला, सांगा तुमीच.'

फोन ठेवला तेव्हा रेश्मा दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. मला लाज वाटली. कानटोपी घालून त्या पेट्यांमध्ये बसलो होतो, ते सगळं आठवून लाज वाटली.

संध्याकाळ.

सगळे आकडे काढून टाकले. वेग कंपनीचा, व्होल्टेज कंपनीचं. उरलेला स्क्रूसुद्धा त्याच्या जागी बसवला. फिल्म काढायला लावली आणि काही न करता खुर्चीत बसलो. पाऊण तासात झाली. एक चौकट नाही.

मग रेश्मा आणि मी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितली. अक्षता पडायच्या जरा आधी पूजा मान वर करते, अंतरपाटावरून पृथ्वीराज दिसतो का बघते, आणि तिला हसू आवरत नाही. कॅमेऱ्यामागे मीच उभा होतो. ते आज दिसलं.

एक पेनड्राइव्ह फलटणला. एक वर बर्फात. पाकिटावर पत्ता रेश्माने घातला, पाकीट माझ्या हातात दिलंच नाही. पोस्टात शेवटच्या मिनिटाला पोचलो. मी विचारलं, किती दिवसांत मिळेल. काउंटरवरचे म्हणाले, तिकडचं आहे, मिळेल, पण कधी ते विचारू नका.